अवर्षणप्रवण महाराष्ट्रातील माती, पाणी आणि वनस्पती : परस्परसंबंधाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या इतिहासात दुष्काळाचे उल्लेख वारंवार आढळतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३०-३२ चा दुष्काळ, १८७६-७८ चा महादुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ ही नावे इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहेत. तथापि, या विषयावरील इतिहासलेखन मुख्यत्वे धान्याचे भाव, सारावसुली, सावकारी, सरकारी मदतकार्ये आणि मृत्युसंख्या यांभोवती फिरत राहिले. ज्या जमिनीवर दुष्काळ पडतो ती जमीन, तिच्यात मुरणारे पाणी आणि तिच्यावर उगवणारे गवत, झाड व पीक यांचा आपापसांतील संबंध कसा होता आणि तो कसा बदलत गेला, याकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी तुलनेने कमी लक्ष दिले. तो विषय कृषिविद्येचा किंवा भूगोलाचा मानला गेला.

प्रस्तुत शोधनिबंध विक्रोळी या मुंबईच्या उपनगरातून लिहिला जात आहे. वर्षाला दोन हजार मि.मी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि खाडीकाठी खारफुटी असणाऱ्या या परिसरात बसून कोरड्या प्रदेशाचा अभ्यास का करावा, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. त्याचे उत्तर या उपनगराच्या लोकसंख्येत आहे. येथील वस्त्यांमध्ये माण, खटाव, आटपाडी, सांगोला, पारनेर, बीड, जालना या भागांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या स्थलांतराची कारणे शोधताना अभ्यासकाला शेवटी त्यांच्या गावच्या मातीपर्यंत जावे लागते. यास्तव हा विषय मुंबईच्या सामाजिक इतिहासाचाही भाग ठरतो.

उद्दिष्टे

१. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील माती, पाणी व वनस्पती यांच्या परस्परसंबंधाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. या संबंधाविषयी वसाहतकाळापासून आजपर्यंत शासनाने व समाजाने घेतलेल्या भूमिकांचा कालानुक्रमे आढावा घेणे.
३. मृद्‌संधारण व जलसंधारणाच्या विविध प्रयत्नांच्या यशापयशाची कारणे तपासणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

माती, पाणी आणि वनस्पती या तीन घटकांपैकी एकाच घटकाला धरून आखलेल्या योजना कोरड्या हवामानात टिकाऊ ठरत नाहीत, तसेच तिन्ही घटक सुधारले तरी पाण्याच्या वापरावर सामूहिक मर्यादा नसेल तर सुधारणेचा लाभ टिकत नाही, असे गृहीतक येथे मांडले आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साहित्याचा आधार घेतला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी सहा हजार मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. तेथून रस्त्याने सुमारे बत्तीस कि.मी. अंतरावर असलेल्या वाईला तो हजार मि.मी.च्या आत येतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस माण तालुक्यात पाचशे मि.मी.च्या आसपास उतरतो. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सोलापूर, बीड, धाराशिव आणि पुणे, सातारा व सांगली या जिल्ह्यांचा पूर्वभाग हा पर्जन्यछायेचा पट्टा होय. येथील पाऊस साधारणतः पाचशे ते साडेसातशे मि.मी. आहे. जून-जुलैत थोडा पाऊस, मध्ये दीर्घ उघडीप आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा जोर, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. सोलापूरसारख्या ठिकाणी हवेची बाष्पीभवनाची क्षमता वर्षाच्या पावसाच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे पडलेले पाणी जमिनीने वेळीच आत घेतले नाही, तर ते वाहून तरी जाते किंवा उडून तरी जाते.

या प्रदेशाचा पाया बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या या खडकात पाणी साठवण्यास जागा थोडी असते. वरचा झिजलेला मुरूम आणि खडकातील भेगा हेच येथील भूजलाचे कोठार होय. वाळूच्या किंवा गाळाच्या प्रदेशातील भूजलाच्या मानाने हे कोठार लहान असते. ते एका चांगल्या पावसाळ्यात भरते आणि जोराचा उपसा झाल्यास एका उन्हाळ्यात रिकामे होते.

मातीचे दोन टोकाचे प्रकार शेजारीशेजारी आढळतात. नदीकाठची खोल काळी जमीन चिकणमातीची असून ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. अशी एक मीटर खोल जमीन पिकाला दीडशे ते दोनशे मि.मी. इतके पाणी पुरवू शकते. उलट माळावरील वीतभर मुरमाड जमिनीत त्याचा चौथा हिस्साही मावत नाही. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, हे या काळ्या जमिनीला मिळालेले उत्तर होते. सप्टेंबरच्या पावसाने जमीन भरून घ्यायची, उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरायचे आणि पुढे पावसाविना जमिनीतील ओलीवर पीक काढायचे, ही रीत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध केली. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' ही म्हण याच अनुभवातून आली. कोळप्याने वरचा थर मोकळा झाला की भेगा बुजतात आणि ओल टिकते. ज्वारीचा कडबा जनावरांना आणि जनावरांचे शेण पुन्हा मातीला, असे हे चक्र होते.

माळाचे उत्तर वेगळे होते. तेथे पवना, मारवेल, शेडा, कुसळी ही गवते, त्यांच्यात विखुरलेल्या बोरी, बाभळी, हिवर आणि तरवड यांची झुडपे वाढत. गवताचे पान पावसाच्या थेंबाचा मारा झेलते, त्याची दाट तंतुमुळे माती धरून ठेवतात आणि वाहत्या पाण्याचा वेग कमी झाल्याने ते मुरमात उतरण्यास अवधी मिळतो. गवत गेले की थेंबांच्या माऱ्याने मातीची छिद्रे बुजून वर पापुद्रा धरतो, पाणी धावू लागते आणि सोबत माती नेते. माती पातळ झाली की तीत पाणी कमी मावते आणि पाणी कमी मावले की गवत पुन्हा उगवत नाही. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की पाऊस नेहमीइतका पडूनही दुष्काळ जाणवू लागतो.

प्राचीन व मध्ययुगीन काळ

या संबंधाचा सर्वांत जुना पुरावा शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे मिळतो. घोड नदीच्या काठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत केले. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळात येथे वस्ती होती. पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट आणि त्यालगतचा बांध येथे आढळला. येथील लोक सातू पिकवीत. इ.स.पूर्व १००० च्या सुमारास हवामान अधिक कोरडे झाले, शेती खालावली, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक पशुपालनाकडे झुकले, असा निष्कर्ष डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडला. या ऱ्हासाच्या कारणांविषयी मतभेद संभवतात. परंतु कोरडेपणा वाढला की नांगराकडून कळपाकडे वळणे हा या प्रदेशाचा प्राचीन प्रतिसाद आहे, हे त्यातून सूचित होते.

मध्ययुगातही शेती आणि पशुपालन एकमेकांना धरून होते. पावसाळ्यात माळावर मेंढरे चारणारे धनगर पीक निघाल्यावर काळ्या जमिनीच्या गावांत उतरत. शेतकरी त्यांची मेंढरे आपल्या रानात बसवून घेत आणि लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य देत. माळावरच्या गवतातील सत्त्व अशा रीतीने शेतात येत असे. गुंथर सोन्थायमर यांच्या अभ्यासाने धनगरांच्या देवतांचा आणि या कोरड्या गवताळ प्रदेशाचा निकट संबंध अभ्यासकांसमोर आणला आहे.

पाण्याच्या बाबतीत खानदेशातील फड पद्धतीचा निर्देश करणे आवश्यक आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे बांधून गुरुत्वाने पाणी शेतात नेले जाई. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिकांची पाळी बदलायची असा दंडक असे. पाणी वाटण्याचे काम पाटकऱ्याकडे असे. पाणी कमी पडले तर तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा, हे या पद्धतीचे मर्म होय. अर्थात मध्ययुगीन गावगाडा समतेचा नव्हता. पाण्यावरचा व जमिनीवरचा हक्क जातीने ठरत होता. त्यामुळे या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्या मर्यादा विसरता येत नाहीत.

वसाहतकाळ : घटकांची फारकत

ब्रिटिश राजवटीत माती, पाणी आणि वनस्पती हे तीन विषय तीन खात्यांकडे गेले. डोंगर वन खात्याकडे, नदी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि शेत महसूल खात्याकडे, पुढे शेतकी खात्याकडे, अशी वाटणी झाली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाल्यानंतर लोहमार्गाच्या विस्तारासाठी लाकडाची मागणी वाढली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित वने निश्चित झाली. गावकऱ्यांच्या चराईवर, लाकूडफाट्यावर व पालापाचोळ्यावर निर्बंध आले. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला.

या फारकतीचे परिणाम सर्वप्रथम ओळखणाऱ्यांमध्ये महात्मा जोतीराव फुले यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी डोंगरावरचा पालापाचोळा व कुजलेले गवत पावसाबरोबर शेतात येऊन जमीन सुपीक होत असे, हे नोंदवले आणि वन खात्याने गायराने व डोंगर बंद केल्याने शेतकऱ्याच्या जनावरांची झालेली दैना मांडली. पावसाचे पाणी शेतात मुरावे यासाठी ठिकठिकाणी ताली व बंधारे बांधावेत आणि त्या कामी सरकारने पलटणीतील व पोलीस खात्यातील माणसे लावावीत, अशी त्यांची सूचना होती. डोंगर, शेत, पाणी आणि पशू यांना एकत्र पाहणारी ही मांडणी आहे. 'पाणलोट' ही आजची संकल्पना त्यांच्या विवेचनात बीजरूपाने दिसते, असे म्हणता येईल.

सरकारचे लक्ष मात्र मोठ्या तलावांवर व कालव्यांवर होते. सोलापूरजवळचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. १८७६-७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून म्हसवडसारखे तलाव हाती घेण्यात आले. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. कालव्याने दुष्काळ हटेल अशी अपेक्षा होती. खोल काळ्या जमिनीत भरपूर पाणी दिल्याने मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. निचरा नसलेल्या चिकणमातीत पाण्याची पातळी वर चढली, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर आले आणि बारामती परिसरातील जमिनी खारवट होऊ लागल्या. हॅरॉल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अहवाल प्रसिद्ध केला. कोरड्या हवामानात पाण्याचा अभाव जितका घातक, तितकाच मातीचा स्वभाव न पाहता दिलेला पाण्याचा अतिरेकही घातक, हा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. ऊस व कालवा यांचे नाते त्यानंतरही दृढच होत गेले.

कोरडवाहू संशोधनाचा काळ

कालव्याबाहेरच्या शेतीकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्यास विसाव्या शतकात प्रारंभ झाला. मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी १९२१ मध्ये शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह केवळ शेतीवर होत नाही, असे त्यातून दिसून आले. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. शेतकी विषयक शाही आयोगाच्या १९२८ च्या अहवालानंतर १९३३ ते १९३५ या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे पाच संशोधन केंद्रे स्थापन झाली. सोलापूर केंद्राची धुरा कानिटकरांकडे होती. पावसाबरोबर वाहून जाणारे पाणी व माती मोजण्याचे भारतातील आरंभीचे प्रयोग येथे झाले. नैसर्गिक गवताचे आच्छादन असलेल्या जमिनीतून उघड्या जमिनीच्या मानाने फारच कमी माती वाहून जाते, हे या प्रयोगांनी सिद्ध केले. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'एम ३५-१' हा ज्वारीचा वाण याच काळातील होय. तो आजही शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरतो.

या संशोधनातून 'मुंबई कोरडवाहू पद्धत' तयार झाली. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही तिची अंगे होत. परंतु शासनाने जेव्हा ती मोठ्या प्रमाणावर राबवली, तेव्हा या पाच अंगांपैकी बांध हे एकच अंग प्रामुख्याने उचलले. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने समपातळी बांधांचा कार्यक्रम सुरू झाला. दुष्काळी कामासाठी बांध सोयीचा होता, कारण तो मोजता येतो आणि त्यावर मजुरी देता येते. शेणखत आणि कोळपणी यांची मोजणी मोजणीवहीत बसत नाही.

मध्यम खोलीच्या व पाणी झिरपणाऱ्या जमिनीत समपातळी बांध उपयुक्त ठरले. खोल काळ्या जमिनीत मात्र पावसाळ्यात बांधाला पाणी तुंबून पीक पिवळे पडे आणि उन्हाळ्यात बांधाला भेगा पडून पहिल्याच मोठ्या पावसात तो फुटे. शिवाय समपातळी रेषा शेताच्या हद्दी पाहत नाही. तुकड्यातुकड्यांच्या शेतांतून तिरपे जाणारे बांध अनेक शेतकऱ्यांनी नांगरून टाकले. त्यास शेतकऱ्याचे अज्ञान असे नाव देण्यात आले. वस्तुतः योजनेत शेतकऱ्याच्या मालकीहक्काचा व मातीच्या स्वभावाचा विचार अपुरा होता.

१९७२ चा दुष्काळ आणि नंतर

१९७० ते १९७३ ही सलग वर्षे अपुऱ्या पावसाची गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोहोचली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग ही कामे निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्काच्या स्वरूपात आली. कामाचा हक्क मान्य करणारा हा कायदा देशात अनन्य होता आणि दुष्काळात माणसे जगवण्यात योजनेचा वाटा निर्विवाद आहे.

जमिनीच्या दृष्टीने पाहता चित्र संमिश्र दिसते. पाझर तलाव बांधले गेले, पण त्यांच्या वरचा डोंगर उघडाच राहिला. उघड्या डोंगराची माती तलावात आली आणि ज्या तळातून पाणी झिरपावयाचे ते तळ गाळाने बंद झाले. म्हणजे पाणी अडवले, पण माती व गवत यांचा विचार झाला नाही. दुसरीकडे, तलावांनी भूजलात जी भर घातली तिचा लाभ ज्याच्याकडे विहीर व पंप आहे त्यालाच झाला. तलाव खोदणाऱ्या मजुरांत स्त्रियांचे व भूमिहीनांचे प्रमाण मोठे होते. तलावाच्या पाण्यावर मात्र त्यांचा कोणताही हक्क नव्हता.

याच विसंगतीला विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात उत्तर शोधले. १९७४ पासून नायगाव येथे देवस्थानाच्या सुमारे चाळीस एकर उघड्या जमिनीवर त्यांनी बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहीर, वृक्ष व गवत यांची एकत्र आखणी केली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यावयाचे, एका माणसामागे अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. उसासारख्या बारमाही पिकास मनाई. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. या नियमांमुळे हा प्रयोग तांत्रिक न राहता सामाजिक झाला.

अहमदनगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली गळका पाझर तलाव दुरुस्त करण्यापासून काम सुरू झाले. त्याला श्रमदान, चराईबंदी व कुऱ्हाडबंदीची जोड मिळाली. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात डोंगरावर समपातळी चर खोदले, गवत राखले, शेतीसाठी कूपनलिका घेण्यास व ऊस-केळी लावण्यास बंदी घातली आणि दरवर्षी पावसाच्या मापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची प्रथा पाडली. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला आणि माथा ते पायथा या क्रमाने काम करण्याची शिस्त अनेक गावांत रुजली. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांच्या कारकिर्दीत १९९२ मध्ये शासनाने जलसंधारणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. विखुरलेली खाती एका छताखाली आणण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता.

एकविसाव्या शतकातील प्रवाह

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले आणि २०१९ पर्यंत चालले. पुढे त्याचा दुसरा टप्पाही जाहीर झाला. २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेने श्रमदानाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, ही घटना प्रश्नाची तीव्रता दर्शवते. जलयुक्त शिवारमध्ये ओढे-नाले यंत्राने रुंद व खोल करण्यावर मोठा भर राहिला. वरच्या पाणलोटावर उपचार न करता केलेल्या खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ हे. म. देसरडा यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालानेही अभियानाच्या फलश्रुतीविषयी गंभीर प्रश्न उपस्थित केले. पाझर तलावाची चूक येथे वेगळ्या रूपात दिसते, कारण पाण्याला त्याच्या डोंगरापासून तोडूनच पाहिले गेले.

वनस्पतीविषयी नेमकी हीच गत झाली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक वनीकरण विभागाने सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांची लागवड वाढवली. २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी वृक्षांची लागवड जाहीर झाली. झाड लावले की पाणी वाढते, ही समजूत कोरड्या हवामानात सरसकट खरी नाही. झाड मातीत पाणी मुरण्यास साहाय्य करते, पण स्वतःही खोलवरचे पाणी ओढून हवेत सोडते. मुरण्यातील वाढ आणि वापरातील वाढ यांपैकी कोणती अधिक, हे झाडाची जात, दाटी व मातीची खोली यांवर ठरते. पातळ मुरमाड माळावर दाट लागवडीपेक्षा राखलेले गवत आणि विरळ स्थानिक झाडे अधिक उपकारक ठरू शकतात. शिवाय हे माळ म्हणजे ओसाड जंगल नव्हे. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, ते गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे म्हणूनच. महसुली दप्तरात 'पडीक' अशी नोंद झाल्याने मात्र माळाचे मूल्य शासनाच्या व समाजाच्या नजरेतून उतरले.

भूजलाच्या वापराचा प्रश्न याहून कठीण आहे. पाणलोट विकासानंतर विहिरींची पातळी वाढते, त्यापाठोपाठ नव्या विहिरी, कूपनलिका आणि बागायती पिके येतात. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर वाढलेल्या शेततळ्यांपैकी अनेकांत पावसाचे पाणी न साठवता विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तरावर साठवले जाते. भूगर्भात सुरक्षित असलेले सामायिक पाणी अशा रीतीने खासगी होऊन उन्हात येते. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम कागदावर प्रगत आहे, पण गावपातळीवर त्याचा अंमल क्षीण आहे. पर्जन्यछायेतील सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा ठरावा, यातच सर्व काही येते.

चर्चा

वरील आढाव्यातून तीन मुद्दे पुढे येतात. पहिला मुद्दा असा की अपयशाचे कारण बहुधा अज्ञान हे नव्हते. फुल्यांनी १८८३ मध्ये, मॅन-ताम्हण्यांनी १९१० मध्ये आणि कानिटकरांनी १९३० च्या दशकात आवश्यक ते सांगून ठेवले होते. परंतु दुष्काळाच्या धामधुमीत मोजता येईल असे काम निवडले गेले आणि ज्ञानाचा उरलेला भाग मागे राहिला.

दुसरा मुद्दा नायगाव व हिवरे बाजार यांविषयी आहे. या गावांची कीर्ती चर, बंधारे आणि झाडे यांमुळे झाली व अनुकरणही त्यांचेच झाले. त्यांचे वैशिष्ट्य मात्र पाण्याच्या वापरावर स्वतःहून घातलेल्या मर्यादेत आहे. बंधाऱ्याचा आराखडा एका गावातून दुसऱ्या गावात नेता येतो, संयमाचा ठराव तसा नेता येत नाही. त्यासाठी गावातील सत्तेचे संबंध बदलावे लागतात.

तिसरा मुद्दा न्यायाचा आहे. चराईबंदीने गवत वाढले, पण शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांना तिची किंमत मोजावी लागली. ज्या धनगराची मेंढरे एकेकाळी शेताला खत देत, तोच अनेक ठिकाणी पाणलोटाचा शत्रू ठरवला गेला. नियंत्रित व आळीपाळीची चराई आणि संपूर्ण बंदी यांतील फरक योजनांनी पुरेसा ओळखला नाही. जमीन सुधारली परंतु भूमिहीन व पशुपालक यांना गाव सोडावे लागले, तर त्यास विकास म्हणावे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या संदर्भात मुंबईची भूमिकाही तपासणे उचित ठरेल. भीमेच्या उपनद्यांचे उगमाकडील पाणी टाटांच्या धरणांत अडवून पश्चिमेकडे कोकणात उतरवण्यात आले. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) येथील वीज मुंबईच्या गिरण्यांना, आगगाड्यांना व ट्रामला मिळाली. १९२१ चा मुळशी सत्याग्रह बुडणाऱ्या जमिनींसाठी होता. पूर्वेकडे वाहून भीमेच्या कोरड्या खोऱ्यात गेले असते त्या पाण्याची चर्चा तेव्हा फारशी झाली नाही. त्याच खोऱ्यातील माणसे पुढे मुंबईत मजूर म्हणून आली. एका अर्थाने पाणी आणि माणूस यांनी घाट उतरून एकाच शहराची वाट धरली.

निष्कर्ष

१. अवर्षणप्रवण महाराष्ट्रात दुष्काळ केवळ पावसाच्या अभावाने घडत नाही. माती, पाणी व वनस्पती यांचा संबंध तुटल्याने सरासरीइतका पाऊसही अपुरा पडतो.
२. वसाहतकाळात झालेली या घटकांची प्रशासकीय फारकत स्वातंत्र्यानंतरही मोठ्या प्रमाणावर टिकली. १९४२ चे बांध, १९७२ नंतरचे पाझर तलाव, २०१४ नंतरचे नाला खोलीकरण व वृक्षलागवडीच्या मोहिमा ही एकांगी दृष्टीची उदाहरणे होत.
३. खोल काळी जमीन आणि मुरमाड माळ यांना एकच उपचार लागू पडत नाही. माळाचे नैसर्गिक आच्छादन गवत हे असून त्याचे संरक्षण हे जलसंधारणाचेच अंग मानले पाहिजे.
४. जेथे पाण्याच्या वापरावर सामूहिक मर्यादा आली, तेथेच सुधारणा टिकली. म्हणून गृहीतकाच्या दोन्ही भागांस उपलब्ध पुरावा पुष्टी देतो. तथापि, पशुपालक व भूमिहीन यांचा वाटा निश्चित केल्याखेरीज असे यश पूर्ण म्हणता येणार नाही.

अभ्यासाच्या पुढील दिशेविषयी एक सूचना करावीशी वाटते. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र व अर्थशास्त्र हे विभागही पूर्वीच्या सरकारी खात्यांप्रमाणेच आपापल्या भिंतींत काम करतात. एखादे कोरडवाहू गाव निवडून त्याची जुनी महसुली दप्तरे, मातीची खोली, विहिरींची पातळी, गायरानातील गवत आणि गाव सोडून गेलेल्या कुटुंबांच्या आठवणी यांचा या विभागांनी एकत्र अभ्यास केला, तर मॅन व कानिटकर यांनी शतकापूर्वी घालून दिलेला पायंडा पुढे जाईल. त्यातील शेवटचा भाग मुंबईतील महाविद्यालयांना आपल्याच परिसरात करता येईल, कारण ती कुटुंबे येथेच राहतात.